न्यायदफ्तर आणि महसूलदफ्तर : जामनेर तालुक्याच्या इतिहासाची साधने

एखाद्या तालुक्याचा इतिहास लिहावयास घेतला की अभ्यासकाचे लक्ष प्रथम सनदा, ताम्रपट, शिलालेख आणि बखरी यांकडे जाते. ही साधने मोलाची आहेत यात शंका नाही. परंतु त्यांत राजाचे दान दिसते, सरदाराची स्वारी दिसते, देवस्थानाची नेमणूक दिसते. ज्या कुणब्याने ती जमीन कसली, ज्या महाराने तिच्या शिवेची साक्ष दिली आणि ज्या विधवेने नवऱ्याच्या हिश्श्यासाठी कचेरीत अर्ज केला, त्यांची नावे या साधनांत क्वचितच आढळतात. ती आढळतात न्यायालयाच्या मिसलींत आणि महसुलाच्या नोंदवह्यांत. खानदेशच्या पूर्व भागातील जामनेर हा तालुका डोळ्यांपुढे ठेवून या दोन दफ्तरांचे स्वरूप, त्यांचा परस्परसंबंध आणि ती वाचताना पाळावयाची पथ्ये यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दफ्तर गावानुसार किंवा विषयानुसार लावलेले नसते. ते कचेरीनुसार लावलेले असते. ‘जामनेर’ असे नाव घातलेला एकच बस्ता कोठेही मिळणार नाही. तालुक्याचे कागद तलाठ्याकडे, तहसील कचेरीत, भूमिअभिलेख कार्यालयात, दुय्यम निबंधकाकडे, न्यायालयांच्या अभिलेख कक्षांत, जळगाव आणि धुळे येथील जिल्हा कचेऱ्यांत, पुणे व मुंबई येथील पुराभिलेखागारांत आणि लंडनपर्यंत विखुरलेले आहेत. कोणता कागद कोठे असेल, हे त्या कागदाने कोणत्या कचेरीचे काम केले यावरून ठरते. म्हणून दफ्तराचा अभ्यास हा प्रथम राज्ययंत्राचा अभ्यास होय.

१. इंग्रजी अमलापूर्वीचे कागद

अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर फारुकी राज्याचा शेवट झाला आणि खानदेश मोगली सुभा बनला. अठराव्या शतकात हा प्रदेश मराठ्यांच्या सत्तेखाली आला. परंतु तो एका हाती राहिला नाही. पेशवे, शिंदे व होळकर यांच्यात परगण्यांची वाटणी झाली होती. परगणा हा या काळातील हिशेबाचा घटक असून देशमुख-देशपांडे हे परगण्याचे आणि पाटील-कुलकर्णी हे गावचे वतनदार होते. खानदेशातील जे परगणे पेशव्यांच्या प्रत्यक्ष अमलाखाली होते, त्यांचे हिशेब पुणे येथील पेशवे दफ्तरात शोधावयाचे असतात. तेथील कागद रुमालांत बांधलेले असून रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास असे त्यांचे विभाग आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत या दफ्तरातून निवडलेले कागद ४५ भागांत प्रसिद्ध केले. परंतु त्या निवडीचा भर राजकारणावर आहे; तालुक्याच्या अभ्यासकास छापील भागांवर विसंबून चालत नाही, मूळ रुमालांकडेच वळावे लागते.

या काळातील न्यायाचे कागद स्वतंत्र न्यायखात्याचे नव्हेत. वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतापुढे अथवा पंचायतीपुढे चाले. प्रथम फिर्याद मांडणारा तो अग्रवादी व उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांच्या तकरीरी लिहून घेतल्या जात, जामीन घेतले जात, निवाडा मान्य करण्याबद्दल राजीनामे लिहविले जात, साक्षी होत, आणि अखेर निवाडपत्र अथवा महजर तयार होई. हरलेल्याकडून यजितखत घेतले जाई. जिंकलेल्याकडून सरकार हरकी घेई. या कागदांच्या प्रती पक्षकारांच्या घरी राहत. म्हणूनच अशा कागदांचा मोठा भाग सरकारी दफ्तराऐवजी देशमुख, देशपांडे व कुलकर्णी घराण्यांच्या संग्रहांतून उपलब्ध झाला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अशा घरांतून कागद मिळवीत आयुष्य वेचले. त्यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे झाले, आणि त्यांच्या संग्रहाच्या रक्षणासाठी १९२७ मध्ये तेथेच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. खानदेशच्या अभ्यासकास हे मंडळ म्हणजे दुसरे दफ्तरच होय.

२. कंपनी सरकारचे न्यायदफ्तर

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हा प्रदेशाची स्थिती शोचनीय होती. १८०२ नंतरच्या स्वाऱ्या, १८०३-०४ चा दुष्काळ आणि पेंढाऱ्यांचा उपद्रव यांनी अनेक गावे उजाड झाली होती. धुळे येथे ठाणे करून कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी कारभार हाती घेतला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे धोरण, जिंकलेल्या प्रदेशातील रूढ व्यवस्था एकदम मोडू नये, असे होते. म्हणून आरंभी पंचायतींकडूनच दिवाणी तंट्यांचा निकाल करविण्याचा प्रयत्न झाला. १८२७ मध्ये मुंबई इलाख्याचे नियम एकत्रित झाले. हीच ‘एल्फिन्स्टन संहिता’ म्हणून ओळखली जाते. तीनुसार जिल्हा न्यायाधीश, त्याच्या हाताखालील देशी न्यायाधिकारी आणि वर सदर दिवाणी अदालत अशी उतरंड सिद्ध झाली. मुनसफ, सदर अमीन, मुख्य सदर अमीन ही जुन्या कागदांत दिसणारी पदनामे या व्यवस्थेतील होत. १८६२ मध्ये मुंबईचे उच्च न्यायालय स्थापन झाले आणि १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश आले.

१८२७ च्या चौथ्या नियमातील एक तरतूद इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. तंटा कोणत्या कायद्याने तोडावयाचा, याचा क्रम तीत दिला असून सरकारी कायदा व नियम नसल्यास देशाची वहिवाट, त्यानंतर प्रतिवादीचा कायदा आणि अखेर न्याय, समता व सद्विवेक असा तो क्रम आहे. वहिवाट हा निर्णयाचा आधार ठरल्यामुळे ती सिद्ध करणे भाग पडले. जातींच्या चालीरीतींची माहिती गोळा करून आर्थर स्टील यांनी केलेले दख्खनच्या प्रांतांतील हिंदू जातींच्या कायद्याचे व रूढींचे संकलन १८२७ मध्येच प्रसिद्ध झाले. त्याच कारणाने न्यायालयांच्या मिसलींत पाट, दत्तविधान, वडीलकी, मानपान, बलुते यांविषयी साक्षीदारांची निवेदने शिरली. न्यायाधीशास ती निकालापुरती हवी होती. आजच्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास ती निकालाहूनही अधिक मोलाची वाटतील.

दिवाणी मिसलीची रचना समजून घेतल्याखेरीज ती वाचता येत नाही. फिर्याद, प्रतिवादीची कैफियत, वादाचे मुद्दे, पुराव्यादाखल दाखल झालेले कागद, साक्षीदारांच्या जबान्या, निकालपत्र आणि हुकूमनामा हे तिचे मुख्य घटक. प्रत्येक कागदास निशाणी क्रमांक असतो, आणि कोणत्या तारखेस काय घडले याची नोंद रोजनाम्यात असते. मिसलीतील कागद गहाळ झाले तरी रोजनामा शिल्लक असल्यास पूर्वी तीत काय होते, हे कळते. हुकूमनाम्याची अंमलबजावणी मात्र स्वतंत्र दरखास्तीने होते आणि तिची मिसल वेगळी बांधली जाते. निकाल एका बस्त्यात व त्याचा परिणाम दुसऱ्या बस्त्यात, असा हा प्रकार आहे. निकालावर थांबणारा अभ्यासक अर्धाच इतिहास पाहतो.

याखेरीज तालुक्याच्या ठिकाणी मामलेदाराचे न्यायालय होते. १८७६ व १९०६ च्या कायद्यांनी मामलेदारास शेतजमिनीच्या ताब्याचे, वाटेच्या व पाण्याच्या अडथळ्याचे दावे झटपट चालविण्याचा अधिकार दिला. मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागे. बांधावरची वाट अडविली, पाटाचे पाणी तोडले, अशा तक्रारींसाठी जामनेरच्या शेतकऱ्यास सर्वांत जवळचे न्यायासन हेच होते. या मिसली लहान असतात, त्यांत कायद्याचा खल नसतो. पण गावच्या भूगोलाचे व भाऊबंदकीचे इतके बारकाईचे चित्र अन्यत्र सापडणे कठीण.

३. महसुलाचे दफ्तर

महसुली दफ्तराचा पाया पाहणी व जमाबंदी हा होय. गोल्डस्मिड व विंगेट यांनी घालून दिलेल्या आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात निश्चित झालेल्या पद्धतीने मुंबई इलाख्यात शेतांची मोजणी, प्रतवारी व ३० वर्षांची जमाबंदी झाली. खानदेशात मोजणीचे काम १८५२ मध्ये सुरू होताच सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील रयतेने त्यास उघड विरोध केला व तो मोडून काढण्यासाठी सरकारला बळ वापरावे लागले. आज निर्जीव भासणारी मोजणीची टिपणे अशा संघर्षातून जन्मली, हे विसरून चालणार नाही.

या मोजणीचे कागद भूमिअभिलेख खात्याकडे असतात. शेताच्या मापांचे टिपण, क्षेत्र काढण्याचे गुणाकार बुक, कच्चे व पक्के सूड, पुढे पोटहिस्से पडले त्यांचे फाळणी नकाशे, आकाराची विभागणी दाखविणारे आकारफोड पत्रक आणि गावचे एकत्रित शेतवारपत्रक असे त्यांचे प्रकार होत. तलाठ्याकडील गाव नमुने हे या मूळ कागदांवर उभे राहिलेले दुसरे मजले होत. हक्कांची नोंद ठेवण्याचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये झाला आणि १९१३ मध्ये त्याच्या तरतुदी जमीन महसूल कायद्यात समाविष्ट करण्यात आल्या. नमुना ६ म्हणजे फेरफाराची नोंदवही, नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख आणि नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. शेवटचे दोन एकत्र येऊन ‘सातबारा’ हा शब्द घरोघरी रुळला. १९०३ पूर्वीची मालकी शोधावयाची तर सातबारा उपयोगी पडत नाही. खातेवहीवरील नाव हे सारा भरण्याची जबाबदारी दाखविते, मालकी सिद्ध करीत नाही. हा भेद न ओळखल्यामुळे अनेक चांगल्या प्रबंधांत चुका राहून गेल्या आहेत.

इनाम व वतन यांचे दफ्तर याहून वेगळे आहे. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला चौकशीचे अधिकार मिळाले आणि १८६३ मध्ये संक्षिप्त जमाबंदीचे कायदे झाले. प्रत्येक इनामदारास व वतनदारास आपला हक्क कागदाने सिद्ध करावा लागला. त्यामुळे घरात दडलेल्या सनदांच्या नकला सरकारी दफ्तरात आल्या. मूळ सनद नष्ट झाली असली तरी चौकशीच्या मिसलीत तिची नक्कल व घराण्याची वंशावळ मिळू शकते. १८७४ च्या वतन कायद्याखालील चौकशा, परगणा व कुलकर्णी वतने नाहीशी करणारा १९५० चा कायदा, महारादी कनिष्ठ गावकामगारांची वतने संपविणारा १९५८ चा कायदा आणि मुलकी पाटलांचे पद रद्द करणारा १९६२ चा कायदा, या प्रत्येक टप्प्यावर नवे कागद निर्माण झाले. संस्था संपते तेव्हा तिचे दफ्तर सर्वांत तपशीलवार होते, असा हा विलक्षण नियम आहे.

४. एका वादाचा माग

दोन दफ्तरांचा संबंध उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. कांग नदीच्या काठच्या एखाद्या गावातील एका कल्पित शेतकऱ्याचे शेत कर्जापायी गेले व त्याच्या नातवाने भावांशी वाटपाचा दावा लावला, असे समजू.

कर्जाचा आरंभ गहाणखताने होतो. ते नोंदविले असल्यास दुय्यम निबंधकाच्या पुस्तक १ मध्ये त्याची नक्कल असते. निबंधकाच्या सूची दोन प्रकारच्या : सूची १ पक्षकारांच्या नावांची व सूची २ मिळकतींची. नाव ठाऊक नसले तरी गाव व सर्व्हे नंबर यांवरून दुसऱ्या सूचीतून गहाणखतापर्यंत पोहोचता येते. कर्ज न फिटल्याने सावकाराने दावा लावला की दावा-नोंदवहीत त्याचा क्रमांक, पक्षकार, रक्कम व निकाल यांची ओळ पडते. मिसलीत मूळ रोखा किंवा त्याची नक्कल, व्याजाचा हिशेब व शेतकऱ्याची कैफियत असते. हुकूमनामा झाल्यावर दरखास्त. दरखास्तीत जप्ती, जाहीरनामा व लिलाव. लिलाव कायम झाला की न्यायालय विक्रीचा दाखला देते आणि कायद्यानुसार त्याची प्रत निबंधकाकडे जाऊन पुस्तक १ मध्येच लागते. वर्दी तलाठ्याकडे पोहोचली की नमुना ६ मध्ये फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो आणि अखेर सातबाऱ्यावरील जुन्या नावास कंस होऊन नवे नाव चढते.

नातवाच्या वाटप-दाव्याची वाट आणखी निराळी. हिस्से किती, हे दिवाणी न्यायालय ठरविते. परंतु सारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष विभाजन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५४ व्या कलमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत होते. म्हणून न्यायालयाचा हुकूमनामा महसूल कचेरीत येतो, तेथून मोजणीसाठी भूमिअभिलेख खात्याकडे जातो, आणि फाळणी नकाशा व आकारफोड होऊन पुन्हा तलाठ्याकडे उतरतो.

अशा रीतीने एकाच घटनेचे ठसे चार ते पाच कचेऱ्यांत उमटतात. त्यांपैकी एक ठसा पुसला गेला तरी इतरांवरून त्याचे स्वरूप ताडता येते. ठसे परस्परांशी जुळले नाहीत तर तीही माहितीच होय. हुकूमनामा आहे पण फेरफार नाही, याचा अर्थ बहुधा असा की निकाल कागदावर राहिला आणि कब्जा पूर्वीच्याच हाती राहिला. न्यायालयाचा शब्द व गावातील वस्तुस्थिती यांतील हे अंतर मोजणे, हेच ग्रामीण इतिहासाचे एक मुख्य कार्य आहे.

कागदाचे हे सामर्थ्य शेतकऱ्यास चांगले कळत होते. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले तेव्हा जमावाने कर्जरोखे व हुकूमनामे मागून घेऊन जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि न्यायाधीशास रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. जेथे हा कायदा लागू झाला, तेथील मिसलींत कर्जाचा संपूर्ण पूर्वेतिहास नोंदला जाऊ लागला.

५. सीमेवरचा तालुका

जामनेरचे एक वैशिष्ट्य लक्षात घेणे अवश्य आहे. तालुक्याच्या दक्षिणेस अजिंठ्याचा डोंगर असून त्यापलीकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. त्या मुलखास खानदेशातील लोक ‘मोगलाई’ म्हणत. शेताच्या बांधाप्रमाणे राज्याच्या सीमेवरही तंटे होत. गुन्हेगार डोंगर ओलांडून पलीकडे जात, गुरे इकडून तिकडे नेली जात, सोयरिकी दोन्ही बाजूंना होत. अशा प्रकरणांचा पत्रव्यवहार जामनेरच्या कचेरीतून जिल्ह्यास, तेथून मुंबईस व मुंबईहून हैदराबादच्या रेसिडेंटकडे जाई. पलीकडील कागद फारसी व पुढे उर्दू भाषेत असून त्यांचा शोध छत्रपती संभाजीनगर व हैदराबाद येथील दफ्तरांत घ्यावा लागतो. अशा तालुक्याचा इतिहास केवळ मराठी व इंग्रजी कागदांवरून लिहिला तर डोंगराची एकच बाजू दिसते.

जिल्ह्याच्या विभागणीचाही असाच परिणाम झाला. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेशचे मुख्य ठिकाण जळगाव व पश्चिमेचे धुळे. पूर्व खानदेश पुढे जळगाव जिल्हा या नावाने ओळखला जाऊ लागला. जामनेर जळगावात असल्याने अभ्यासक स्वाभाविकपणे जळगावला जातो. पण १९०६ पूर्वीच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांत तालुक्याचे जिल्हाठाणे धुळे होते. त्या काळातील कागदांचा विचार करताना धुळ्याचे दफ्तर वगळणे ही मोठी चूक ठरेल. पाचोरा-जामनेर हा अरुंदमापी लोहमार्ग १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाला. त्यासारख्या विषयाचा शोध मात्र जळगावच्या काळात व त्याबरोबरच मुंबईच्या सचिवालयाच्या दफ्तरात घ्यावा लागतो.

मुंबईचे सचिवालयीन दफ्तर १८२१ मध्ये स्थापन झाले. आज ते महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाकडे असून एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. जिल्ह्याच्या न्यायाधीशांचे व कलेक्टरांचे अहवाल तेथील न्याय व महसूल खात्यांच्या खंडांत बांधलेले आहेत. कंपनीच्या काळात या कामकाजाच्या प्रती लंडनला पाठविल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. जिल्ह्यातील मूळ कागद नष्ट झाला असता त्याची मुंबईतील अथवा लंडनमधील प्रत उपयोगी पडते.

६. नाश आणि निवड

शत्रू, अग्नी, पाणी व वाळवी यांनी दफ्तरांचा नाश होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा आहे, पण अपुरा आहे. दफ्तराचा सर्वांत मोठा नाश नियमाने होतो. न्यायालयांचे व महसुलाचे निरुपयोगी कागद नष्ट करण्यास अधिकार देणारा कायदा प्रथम १८७९ मध्ये व नंतर १९१७ मध्ये झाला. महसूल कचेऱ्यांत कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवावयाचे, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे, ‘क’ वर्गाचे १० वर्षे आणि ‘ड’ वर्गाचे एक वर्ष. न्यायालयांतही निकालपत्रे, हुकूमनामे व दावा-नोंदवह्या दीर्घकाळ टिकतात. समन्स, अर्ज व किरकोळ कागद प्रथम जातात आणि कालांतराने जबान्याही जातात.

या नियमांमागे तर्क आहे. प्रत्येक कागद ठेवणे कोणत्याही राज्यास शक्य नाही. परंतु ज्या दृष्टीने निवड होते ती प्रशासनाची दृष्टी होय. ज्याने हक्क सिद्ध होतो ते ठेवावे आणि ज्याचे काम संपले ते टाकावे, असा हा निकष आहे. इतिहासाचा निकष नेमका उलट ठरण्याची शक्यता असते. हुकूमनाम्यात कोण जिंकले ते कळते. लोक कसे जगत होते ते जबानीत कळते. हुकूमनामा राहतो, जबानी जाते. जामनेरच्या अभ्यासकास एखाद्या वर्षाच्या दावा-नोंदवहीत ओळींमागून ओळी दिसतील व त्यांपैकी बहुतेकांच्या मिसली नसतील. त्या वेळी त्याच्यापुढे सांगाडा उरतो, देह उरत नाही. म्हणून ज्या मिसली अद्याप शिल्लक आहेत त्यांची यादी करणे हे प्रबंध लिहिण्याइतकेच मोलाचे संशोधन मानले पाहिजे.

कागद व शाई यांचाही विचार हवा. जुने मोडी कागद बोरूने काजळाच्या शाईत लिहिलेले असत. ही शाई उन्हाने उडत नाही. पाण्याने मात्र फिसकटते. खानदेशात एरंडोल येथे हातकागद तयार होत असे, व असा कागद चिवट असतो. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील यंत्रनिर्मित स्वस्त कागद आम्लामुळे पिवळा पडून चुरतो. परिणाम असा की १८२० चा कागद उलगडता येतो, आणि १९२० चा हातात तुटतो. तापी खोऱ्यात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते; पत्र्याच्या छपराखालील दफ्तरास हा ताप सोसावा लागतो. अलीकडे जुन्या अभिलेखांच्या प्रतिमा संगणकावर घेतल्या जात आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि प्रतिमा घेतली म्हणून मूळ कागद टाकून देणे हे नाशाचेच नवे रूप ठरेल. कारण शाईचा फरक, पाठीवरील शेरे व नंतर घुसडलेली ओळ मुळातच नीट ओळखता येते.

७. वाचनातील पथ्ये

पहिले पथ्य लिपीचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत गावपातळीवरील पुष्कळ लेखन मोडीत आहे. मोडी शिकल्यावाचून या क्षेत्रात पाऊल टाकू नये.

दुसरे पथ्य कालगणनेचे. जुन्या कागदांत शुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘तिसा अशर मयातैन व अलफ’ म्हणजे नऊ, दहा, दोनशे व हजार मिळून १२१९. त्यात ५९९ मिळविले असता इसवी सन १८१८ येतो. वर्षाचा आरंभ मृगापासून असल्याने डिसेंबरनंतरच्या तारखांस ६०० मिळवावे लागतात. हेच वर्ष दख्खनी फसलीचे १२२८ व शकाचे १७४०. तिन्ही पद्धतींनी ताळा जमला तरच तारीख निश्चित मानावी.

तिसरे पथ्य भाषेचे. जबानी देणारा अहिराणी, तावडी, लेवा गणबोली किंवा भिली बोले. कारकून ती कचेरीच्या मराठीत उतरवी. अपिलात तिचे इंग्रजी भाषांतर होई. त्यामुळे ‘साक्षीदार म्हणतो’ असे जेथे लिहिले आहे तेथे साक्षीदार, कारकून व भाषांतरकार असे तिघे बोलत असतात. क्वचित एखादा बोलीचा शब्द कारकुनाच्या लेखणीतून निसटून जसाच्या तसा येतो. तो जपून टिपावा.

चौथे पथ्य अनुपस्थितीचे. दाव्यास मुद्रांक लागे, वकील लागे, जिल्ह्याच्या गावी खेपा घालाव्या लागत. ज्यांना हे परवडले नाही त्यांचे तंटे दफ्तरात नाहीत. भिल्ल, पारधी यांसारखे समाज दिवाणी मिसलींत विरळा आणि फौजदारी कागदांत वारंवार दिसतात; यावरून त्यांच्या स्वभावाविषयी अनुमान काढणे अशास्त्रीय होय. तो त्यांचा स्वभाव नसून दफ्तराचा स्वभाव आहे. महार वतनदार मात्र शिवेच्या तंट्यांत साक्षीदार म्हणून ठळकपणे येतो, कारण गावची शीव जाणणारा तोच मानला जाई.

८. ताबा व विश्वास

जुना कागद विश्वसनीय केव्हा मानावा, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने व दफ्तरशास्त्राने स्वतंत्रपणे एकच दिले आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ९० व्या कलमाप्रमाणे ३० वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून पुढे आला असेल तर तो खरा असल्याचे न्यायालयास गृहीत धरता येत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. इंग्लंडमध्ये हिलरी जेंकिन्सन यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात अखंड ताबा हाच अभिलेखाच्या प्रामाण्याचा आधार मानला. जो कागद ज्या कचेरीत निर्माण झाला, तिच्याच परंपरेत तो सांभाळला गेला असेल तर त्यावर भरवसा ठेवावा. बाजारात विकत मिळालेल्या एकट्या कागदाविषयी साशंक राहावे.

हा विचार केवळ विद्वानांपुरता नाही. जातीच्या दाव्यांच्या पडताळणीत अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचे आणि इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचे पुरावे निर्णायक ठरतात. जन्म-मृत्यूची नोंद असलेला जुना गाव नमुना १४, म्हणजेच लोकांच्या तोंडचे ‘कोतवाल बुक’, शाळेची नोंदवही अथवा एखाद्या मिसलीतील जबानी यांवर आज एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश अवलंबून असतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा तहसील कचेऱ्यांतील बस्ते सोडले गेले आणि मोडी वाचकांचा तुटवडा एकाएकी जाणवला. दुर्लक्षित दफ्तर हे नागरिकाचे हिरावलेले साधन असते, हे त्या वेळी सर्वांस दिसले.

इंग्लंडमध्ये परगण्याच्या, म्हणजे ‘काउंटी’च्या, न्यायालयीन व प्रशासकीय कागदांसाठी स्वतंत्र अभिलेखागारे आहेत, त्यांपैकी पहिले बेडफर्डशायर येथे १९१३ मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्रात मुंबई व पुणे यांखेरीज कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे पुराभिलेखागारे आहेत. जिल्ह्याच्या पातळीवर मात्र कचेरीचा अभिलेख कक्ष हेच मुख्य स्थान आहे; तेथील कर्मचाऱ्याचे पहिले काम नकला देणे हे असते, इतिहास जपणे हे नव्हे. २००५ च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायद्याने शासकीय अभिलेखांच्या व्यवस्थापनाची जबाबदारी निश्चित केली आहे. तिला विद्यापीठांची जोड मिळाल्यास कार्य सुकर होईल. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका तालुक्यातील एका कचेरीचा एक बस्ता घ्यावा, त्यातील कागदांची प्रकार, तारीख, गाव व पक्षकार यांनुसार सूची करावी, आणि तिची एक प्रत कचेरीस व एक विभागास द्यावी. जुन्या मिसलींत वर्णिलेल्या व्यक्तींचे वंशज गावात राहत असल्याने खासगी तपशील उघड करताना संयम पाळावा, हे सांगणे न लगे.

अशा पन्नास सूची झाल्या तर जामनेर तालुक्याच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासाचा नकाशा हाती येईल. त्यावर प्रबंध पुढे कोणीही लिहील. आज प्रश्न बस्ते शिल्लक राहण्याचा आहे. ‘ड’ वर्गाचा कागद एका वर्षाने जातो आणि ‘क’ वर्गाचा दहा वर्षांनी. अभ्यासकास मिळालेली मुदत तेवढीच आहे.